गायकवाडबाईंनी कळवलं

गायकवाडबाई संगणकाच्या तासाला सगळ्यात आधी मुलांना माउसवरून हात काढायला लावत. "आधी डोकं चालू करा, मग मशीन," म्हणत आणि विचारत, "अनोळखी माणसानं फोटो मागितला तर?" अख्खा वर्ग ओरडायचा, "घरी सांगायचं!" "आणि घरच्यांनी ऐकलं नाही तर?" "तुम्हाला सांगायचं!"

कात्रजच्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे. बाई कंत्राटावर होत्या, बोलायला तिरकस. कोणी "बाई, माझं नेट चालत नाही," म्हटलं, की "मग जरा तुम्ही चाला," म्हणायच्या.

एकदा आमच्या एका ज्येष्ठ सरांनी बिघडलेला लॅपटॉप बाईंकडे दुरुस्तीला दिला. त्याच दुपारी बाई माझ्याकडे आल्या. लॅपटॉपमध्ये लहान मुलांचे असे फोटो होते, की त्यांना पुढे बोलवेना. "झाकण लावलं आणि कपाटात कुलूपबंद केलाय. आता कळवावं लागेल. याल माझ्याबरोबर?"

मी त्यांचा हात धरला. "मी आहे ना."

आम्ही दोघी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते म्हणाले, "डिलीट करा आणि विसरा. शाळेचं नाव जाईल."

"सर, डिलीट केलं तर पुरावा मीच नष्ट केला असं होईल. आणि असलं काही दिसल्यावर गप्प बसणं हाही गुन्हाच आहे."

ते माझ्याकडे वळले. "तुम्हाला यातलं काय माहीत आहे?"

मला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता. मी म्हणाले, "काहीच नाही, सर."

बाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला.

लॅपटॉपवाल्या सरांना अटक झाली. पण स्टाफरूममध्ये डबा खाताना बाईंशेजारी कोणी बसेना. "घरातलं घरात मिटवता आलं असतं," असं लोक त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलत. मीसुद्धा खुर्ची हलवली. वर्ष संपलं तेव्हा बाईंचं कंत्राट वाढवलं नाही. मी कायम झाले.

शेवटच्या दिवशी फाटकाशी त्यांना गाठलं. "बाई, चुकलं माझं. पण माझी नोकरी..."

"अहो, कळतं मला," त्या शांतपणे म्हणाल्या. "त्या फोटोंतल्या मुलांच्या आसपासही कोणाला तरी कळलं असेलच की. तेही तुमच्यासारखेच नोकरदार, भले लोक असतील."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता, तर मला काहीतरी उत्तर देता आलं असतं.