जावेच्या मशीनचं गरम पाणी

दिवाळीनंतर मी वडिलांच्या तेराव्याला पेणला गेले होते. तेवढ्यात जावेनं प्लंबर बोलावला. रोह्याच्या घरात ती वर राहायची, आम्ही खाली. गच्चीवरचा सोलर दोघा भावांनी मिळून बसवलेला. तिनं नवीन वॉशिंग मशीन मागच्या पडवीत ठेवलं आणि थेट सोलरच्या पाइपला जोडलं. मी परत आले तर आमच्या नळाला गार पाणी.

"ताई, आमाला अंघोळीला पाणी उरत नाय," मी म्हटलं.

"सूर्याचं पाणी हाय गो. तुझ्या बापाचं नाय."

माझा बाप जन्मभर मिठागरात उन्हात राबला. त्याला जाऊन पंधरा दिवसही झाले नव्हते. हे वाक्य तिला परत गिळायला लावायचं, हे मी तिथंच ठरवलं.

एका सकाळी मशीन पाणी घेत असताना मी सहज पाइपला हात लावला. गार! गच्चीपासून पडवीपर्यंत लांबलचक जाड पाइप. त्यात साचून थंड झालेलं पाणी आधी जायचं, आणि पाइप गरम होईस्तोवर मशीन भरलेलं असायचं. मग ते पाणी विजेवर तापायचं. सोलरचं कढत पाणी पोचायचं ते शेवटी, कपडे खळबळून साबण काढायच्या वेळी, जिथं साधं पाणीही चाललं असतं. आमची अंघोळ मोरीत वाहत होती आणि वर तिचं मीटर पळत होतं.

मी कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. बिल आलं की वर दिराचा आवाज चढायचा. मी खाली काम थांबवून ऐकायचे. बरं वाटायचं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती बायकांसमोर रडगाणं गाऊ लागली, "सोलरचं पाणी वापरते, तरी बिल कमी नाय."

मी सगळ्यांना पडवीत नेलं. मशीन लावायला सांगितलं, तिचा हात पाइपवर ठेवला आणि सगळं उलगडून सांगितलं. शेवटी म्हटलं, "सूर्याचंच पाणी हाय ताई. पण तुमच्यापर्यंत पोचत नाय."

बायका खळखळून हसल्या. ती लाल झाली.

दोन दिवसांत मशीन साध्या नळावर गेलं. ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्याचं मला काही वाटलं नाही. पण संक्रांतीआधीच्या त्या थंडीत नवरा नागोठण्याहून शिफ्ट करून यायचा, गार पाण्यानं अंघोळ करायचा आणि खोकत बसायचा. मी तेव्हाही तोंड उघडलं नव्हतं. हे त्याला अजून सांगितलेलं नाही.