काखेतल्या चपला

माझ्या भावाच्या मुठीत समोरच्याचा दात रुतून बसला होता. फर्दापूरच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात, भर दुपारी, लेणी बघून आलेल्या पर्यटकांची मुलं आइस्क्रीम खात असताना. तो दात भावाच्या दोस्ताने नखांनी उपसून काढला. त्या दिवसाबद्दल लोक मला अजून विचारतात, एवढ्या जुन्यापान्या शब्दावरून एवढं रामायण? आता तो शब्द कळतो तरी कुणाला? मी त्यांना काय झालं ते सांगते. पुढचं त्यांचं त्यांनी ठरवावं.

आम्ही चौघं शहरातून निघालो होतो. मी, धाकटा भाऊ, आमचे वडील म्हणजे आबा, आणि भावाचा उस्मानपुऱ्यातला दोस्त. गाडी दोस्ताची होती. भावाची वीज खात्यात निवड झाली होती आणि आता फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी उरली होती. किती वर्षं त्या पोराने अभ्यासिकेत डोळे फोडून घेतले, ते आमचं आम्हाला माहीत. त्या आनंदात आबा म्हणाले, एकदा गावाकडं जाऊन येऊ. त्यांचं गाव फर्दापूरपासून थोडं आत. पोरवयात त्यांनी ते सोडलं आणि पुन्हा कधी तिकडे पाऊल टाकलं नाही. का सोडलं म्हणून विचारलं की म्हणायचे, "पोटासाठी. अजून कशापायी सोडत्यात?" आणि विषय तिथेच संपायचा.

आबांचं एक वेड आधी सांगायला हवं. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या वस्तीत घरोघरी नवे कपडे यायचे. आमच्या घरी यायच्या चपला. मिरवणुकीत आम्ही भावंडं जुन्याच फ्रॉकात आणि विटक्या चड्डीत, पायात मात्र करकरीत चामडं. आम्ही भोकाड पसरायचो. आई म्हणायची, या माणसाचा जीव पायात अडकलाय. आबा हसायचे आणि आपल्या चपलांना तेल चोळत बसायचे. गारखेड्यात स्वतःचं घर झालं, तेव्हा टीव्हीच्या आधी चपलांचं कपाट आलं.

तर हॉटेलात आम्ही चहा सांगितला. गल्ल्यावर मालक बसला होता, तिशीतला, बोलायला गोड. कुठले तुम्ही, म्हणाला. आबांनी गावाचं नाव सांगितलं तसा तो उठून टेबलाशीच आला.

"आमचंच गाव की! कुणाच्यातले?"

आबांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं आणि घर गावाच्या कोणत्या अंगाला होतं तेही. त्याचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे तुमी आमच्या आज्याच्या गोष्टीतले! आजा लई सांगतो तवाचं," असं म्हणून त्याने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि वरच्या आळीतून खाली हाक मारावी तसा तो शब्द ओरडून म्हटला. लांब ओढून, मालकाने नोकराला मारावी तशी हाक.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. आमच्या जातीला निजामाच्या काळात तो चिकटवलेला होता. आजच्या पोरांकडे आमच्यासाठी ताज्या शिव्या आहेत, त्यामुळे तो मागे पडला. मला तो तेव्हा कळला नाही, भावालाही नाही. दोस्ताने तर नंतर मला विचारलं, "आपा, गाली थी क्या वो?"

कळला तो आबांच्या पायांना. आबा उभे राहिले. वाकून त्यांनी चपला काढल्या, काखेत धरल्या आणि मान खाली घालून अनवाणी उभे राहिले. सत्तरी ओलांडलेला माणूस. कारखान्यात साहेबांना तोंडावर उत्तरं देऊन ज्याने आयुष्य काढलं, तो माणूस.

मालक हसला. "बगा, अजून ध्यानात हाय ह्यांच्या!"

भाऊ टेबलाला वळसा घालून गेला नाही, टेबलावरूनच गेला. पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा कानाखाली. मालक गल्ल्यावर आपटला, बडीशेपेची काचेची वाटी फुटून त्याच्या तळहातात घुसली. भट्टीवरून दोघं धावत आले. एकाच्या हातात उकळत्या तेलातून उचललेला झारा होता. तो भावाच्या पाठीवर बसला आणि शर्ट कातडीला चिकटला. जळल्याचा वास मला आला. मी टेबलावरचा स्टीलचा जग उचलून झारेवाल्याच्या डोक्यात घातला. पाण्याने भरलेला होता, म्हणून नीट बसला. तो खाली कोसळला तेव्हा मला बरं वाटलं, आजही वाटतं. दुसऱ्याने माझे केस धरून मला फरफटवलं, तर दोस्ताने त्याच्या नडगीवर अशी लाथ घातली की तो किंचाळत बसला. पर्यटक मुलांना उचलून पळाले.

भाऊ मालकाच्या छातीवर बसून मारत होता. मारता मारता त्याच्याकडे बघतही नव्हता. मान आबांकडे वळवून ओरडत होता, "चपला घाला आबा! आधी चपला घाला!" आबा हलले नाहीत. रक्ताचे शिंतोडे त्यांच्या अनवाणी पायांवर उडाले.

ठाण्यात पोचलो तेव्हाही चपला काखेतच होत्या. मी ओढून बघितल्या, त्यांनी सोडल्या नाहीत.

तिथल्या अधिकाऱ्याने आमच्या भल्याचंच सांगितलं, निदान त्याला तसं वाटत होतं. मारहाणीचा गुन्हा दाखल झाला की भावाच्या पडताळणीचं काय होणार, हे त्याने उघड बोलून दाखवलं. तोड त्याच्याकडे तयार होती. आबांनी एवढंच लिहून द्यायचं, की तो शब्द जुना आहे, वापरातून गेलेला आहे, ती शिवी नव्हे. मग मालकही तक्रार देणार नव्हता.

"ताई, माझा जन्म मराठवाड्यातलाच," तो मला म्हणाला. "मी हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. जो कुणाला कळतच नाही, त्याने अपमान कसा होईल?"

"तुम्हाला कळावा म्हणून नव्हताच तो," मी म्हणाले. तोंडाने असं म्हणाले खरं, पण बाकावर ओणवा बसलेला भाऊ दिसत होता, पाठ टेकता येत नव्हती त्याला. मनात आलं, द्यावं लिहून. एका मेलेल्या शब्दापायी जित्या पोराची भाकर का घालवायची?

तेवढ्यात मालकाचा आजा आला. गावचा जुना पाटील. काठी टेकत, दोघांच्या आधाराने. त्याला खुर्ची मिळाली. आबा मघापासून उभेच होते.

"जुना शबुद हाय सायेब," आजा म्हणाला. "आमी लाडानं म्हणायचो. तवा कुनाला राग येत नव्हता. आता कुनाला ठावकी बी नाय."

आबांनी काखेतल्या चपला जमिनीवर ठेवल्या. एकीत पाय घातला, मग दुसरीत. भिंतीचा आधार घेतला नाही. मग आज्याच्या समोर जाऊन उभे राहिले आणि अधिकाऱ्याशी बोलले, नजर मात्र आज्यावरच.

"सायेब, मी लहान होतो. बापानं बाजारातून मला चपला आणल्या. पयल्याच. त्या घालून मी ह्यांच्या आळीतून गेलो. ह्यांनी हीच हाक मारली. मी थांबलो. ह्यांनी माझ्याच चपलांनी मला तोंड फुटस्तोर मारलं. बाप हात जोडून बघत हुता. मंग चपला माझ्या तोंडात दिल्या आन् आळीच्या टोकापस्तोर दातात धरून चालवलं. बायाबी हसत हुत्या. त्याच सांजंला आमी गाव सोडलं."

हे आम्ही दोघं पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लाडानं म्हणत हुता नं, पाटील?" आबा म्हणाले. "मंग म्हणा आता. मी चपला घालून उभा हाय. म्हणा."

आज्याचं तोंड उघडलं. नजर आबांच्या पायांकडे गेली आणि तिथून हलेना. शब्द बाहेर येईना.

तोंडात रक्ताळलेला कापूस धरून नातू बोबडं बोलला, "म्हणून टाका की आजा. साधा शबुद तर हाय. काय हुतंय?"

आज्याने काठी टाकली आणि त्याच्या सुजलेल्या गालावर सणसणीत थोबाडीत मारली. कापूस उडून टेबलावर पडला. "गप बस, भाड्या," आजा म्हणाला. नातू गाल धरून आज्याकडे बघत राहिला. त्याला तो शब्द तेव्हा कळला असावा.

तरी प्रश्न उरलाच होता. अधिकाऱ्याने हळू आवाजात आबांना विचारलं, लिहून देणार का. आबा भावाकडे वळले. "नोकरी तुझी हाय. तू सांग."

"मी काय सांगू?" भाऊ म्हणाला. रडत होता तो. "तुमी पुन्ना चपला काढल्या, तर मी पुन्ना मारीन. तेवढं लिहून घ्या म्हणावं ह्यास्नी."

आबांनी लिहून दिलं नाही. आज्यानेही नातवाला तक्रार देण्यापासून अडवलं नाही. दोन्हीकडचे गुन्हे दाखल झाले. भावाच्या पाठीवर झाऱ्याचा गोल डाग आहे, आणि नोकरी अडकली ती अडकलीच. तो सध्या दोस्ताच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जातो.

खटल्याच्या पहिल्या तारखेआधी आबा भावासाठी नव्या चपला घ्यायला निघाले. वाटेत त्यांनी वकिलाला विचारून घेतलं, कोर्टात आत जाताना चपला काढाव्या लागतात का. वकील म्हणाला, नाही. आबांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा विचारला, आणि मग दुकानात गेले.