प्रवासखर्च: शून्य

सोमवार, दुपारचे सव्वाचार. निगडी बस टर्मिनसमागचं चहाचं हॉटेल. टेबलावर चार कटिंग आणि तीन छापील तक्ते.

कामगारांच्या बातम्या मी अठ्ठावीस वर्षं दिल्या. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. जे छापून येत नाही ते मात्र डोक्यात साचत राहतं आणि असा एखादा तक्ता समोर आला, की झाकण उडतं!

तक्ता चाकणच्या एका कंपनीचा. पन्नाशी ओलांडलेल्या कामगारांनी एकरकमी पैसे घ्यावेत आणि नोकरी सोडावी, अशी योजना. नाव 'सुवर्णसंध्या'. माणसं काढायची वेळ आली, की यांना कविता सुचते! निवृत्तीनंतर वर्षाला जगायला किती लागेल आणि फिरायला किती, हे कामगाराने भरायचं. पैसे पुरतील की नाही, ते कॉम्प्युटर सांगणार. सहीची मुदत शनिवार, संध्याकाळी पाच.

सुरेश गायकवाड तिथल्या प्रेस शॉपचा, म्हणजे पत्रा दाबून भाग काढणाऱ्या खात्यातला. वय बावन्न, दोन्ही गुडघे गेलेले. त्याला सुटायचं होतं. पण पैसे मध्येच संपले तर या वयात परत कोण कामावर घेणार? त्याची झोप उडाली होती ती एवढ्याचसाठी. म्हणून तक्ता तपासायला त्याने मला बोलावलं होतं.

मी पाहिलं. 'प्रवासखर्च' या रकान्यात शून्य.

"शून्य कसा रे?"

"बस आहे की."

"कुठली बस?"

"कंपनीची! पिंपळे गुरवला कोपऱ्यावरनं उचलते राव."

"अरे, कंपनीच सोडतोयस ना तू?"

गायकवाडने ग्लास खाली ठेवला. तो म्हणाला, "च्यायला, म्हणजे सोडायला येणार, पण आणायला नाही!"

*

शेजारी सावंत. मूळचा मालवणकडचा, असेंब्ली लाइनवर. त्याचा जेवणाचा खर्च इतका कमी, की मी विचारलं, "उपास धरणार आहेस काय?"

"उपास कसलो? सगळां मोजलंय. रात्रीची जेवणं तीनशे पासष्ट, दुपारची बावन्न."

"बावन्न?"

"गुरुवारची!"

आमच्याकडे कारखान्यांची सुट्टी गुरुवारी. उरलेले सगळे दिवस दुपारी कॅन्टीन. दुपारी जेवायला पैसे लागतात, हेच हा माणूस विसरून गेला होता.

"बायकोला दाखवलंस?"

"दाखवलंय. ती म्हणाली, खर्चाचं नंतर बघू. उरलेल्या तीनशे तेरा दुपारी तुम्ही माझ्या घरात बसणार कुठे, ते आधी लिहा!"

*

तिसरा तक्ता बबनदादांचा. चऱ्होलीचे, स्टोअरमध्ये कामाला. जमिनीवर सोसायट्या उभ्या राहिल्या, फ्लॅटची भाडी येतात. दादा नोकरी करतात ती सवय म्हणून.

त्यांचा तक्ता भरायला एचआरची मॅडम बसली होती. पोरगी नवीन.

"दादा, वर्षातून किती ट्रिप होतात?"

"रोज हाय की."

"रोज?"

"लगीनसराईत रोज दोन. बाकीच्या टायमाला दहावे. सकाळी घाटावर एका वक्ताला दोन-दोन दहावे असत्यात, पोरी. न्हाई गेलं तर लोक नावं ठिवत्यात. डिझेल लई जातंय."

तिने विचार केला आणि रकान्यात टाइप केलं, 'रिलीजियस टुरिझम'.

दादांनी वाचून घेतलं. "व्हय. आसंच कायतरी."

*

बुधवारी कंपनीने एक सल्लागार बोलावला. टाय, माइक, पडद्यावर समुद्रकिनारा. "वर्षाला एक फॉरेन टूर आणि दोन डोमेस्टिक धरा! आयुष्य एन्जॉय करा!" समोर प्रेस शॉपची माणसं, त्यातली निम्मी रात्रपाळी करून आलेली.

त्याने गायकवाडला उभं केलं. "काका, तुमचं ड्रीम डेस्टिनेशन कुठलं?"

"अंथरूण."

"सॉरी?"

"पहाटे साडेपाचला. अंथरूण."

हॉल हसला. सल्लागाराने लिहून घेतलं, 'प्रवासात रस नाही'!

हा किस्सा गायकवाडने घरी रंगवून सांगितला. संगीता वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पेन घेतलं, तक्त्यातलं शून्य खोडलं आणि लिहिलं, 'बुद्धगया, लुंबिनी. माणसं दोन.'

"लग्न होऊन सत्तावीस वर्षं झाली. देहूरोडच्या विहाराच्या पुढे नेलं नाहीत मला. रस नाही म्हणे! मला विचारलं का त्यानं?"

*

शुक्रवार, सकाळचे साडेदहा. एचआरची केबिन. गायकवाड, वहिनी आणि मी. पेपरवाल्याला गेटवर अडवतात, म्हणून त्या दिवशी मी गायकवाडचा चुलतभाऊ होतो.

बसचं तिकीट, दुपारचं जेवण, गुडघ्यांची औषधं, बुद्धगया, सगळे आकडे मॅडमने भरले. बटण दाबलं. रकाना हिरवा झाला.

"बघा सर! पैसे पुरतायत. शेवटपर्यंत!"

गायकवाडने खिशातून पेन काढलं. इतका सुटलेला चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता.

वहिनींनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत त्या खाली आल्या. बावन्न, त्रेपन्न, चोपन्न... बोट सत्तरवर थांबलं.

"सत्तरच्या पुढचं कुठंय?"

"एवढंच आहे, काकू."

"म्हणजे?"

"तक्ता सत्तरपर्यंतच आहे. हेड ऑफिसकडून तसाच आला."

"आमच्या सासूबाई चौऱ्याऐंशीच्या आहेत," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळी भाकरी त्यांनी थापल्या. आणि मी यांच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान आहे. माझी ओळ कुठली?"

पोरगी गडबडली. "थांबा, वाढवून बघते."

तिने एक ओळ खाली ओढली. एकाहत्तर.

रकाना लाल झाला.

पोरीने आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि ती ओळ पुसून टाकली.

"ही ओळ फॉरमॅटमध्ये नाहीये," ती हळूच म्हणाली.

गायकवाडने पेन पुन्हा खिशात लावलं. टेबलाचा आधार घेत तो उठला.

तक्ता सत्तरला कुणी थांबवला, हे मी नंतर स्वतःच्या नावाने तिघांना लेखी विचारलं. एचआर म्हणतं, हेड ऑफिसला विचारा. हेड ऑफिस म्हणतं, सल्लागाराला विचारा. सल्लागार म्हणतो, वय कंपनीने दिलं होतं. शनिवारी पाच वाजेपर्यंत त्याच तक्त्यावर सह्या घेणं चालू होतं.