वाफसा न पाहता केलेली लढाई

मंद्रूपचे चनबसप्पा शाळेत इतिहासात दोनदा नापास झाले, आणि गौरम्मांनी ते लग्नानंतर चाळीस वर्षं विसरू दिलं नाही. साठीनंतर मात्र गड्याला सहाशे वर्षांपूर्वीच्या अजँकूरच्या लढाईनं झपाटलं. चिलखतं घातलेले फ्रेंच सरदार नांगरलेल्या ओल्या रानात घुसले, रुतले, आणि मूठभर इंग्रज तिरंदाजांनी त्यांना लोळवलं. आख्ख्या गल्लीला हे पाठ झालं होतं!

सोलापुरात वाचनालयाची इतिहासावरची ‘असं झालं असतं तर’ स्पर्धा लागली, तेव्हा चनबसप्पा दोनदा इस्त्री केलेल्या शर्टात मंचावर चढले. आज नापासाचा डाग पुसायचाच होता.

“रान वाळून वाफसा येईपर्यंत थांबायचं की! इंग्रज उपाशीच होते, दोन दिवसांत शरण आले असते. फ्रान्स जिंकला!”

टाळ्या पडल्या. तेवढ्यात परीक्षक म्हणाले, “पण काका, त्या घमेंडी सरदारांना थांबवलं असतं कुणी?”

तिसऱ्या रांगेतून गौरम्मा कडाडल्या, “कोन थांबवनार? मी नको नको म्हनताना तुमी ट्रॅक्टर चिखलात घातलाच की!”

सभागृह खदाखदा हसलं. चनबसप्पांचे डोळे मात्र लकाकले.

“व्हय! माझ्या इतिहासात सेनापतीनं बायकोला संगं आणलंय. आन् त्यानं तिचं ऐकलं!”

“एवढंच तेवढं खरं वाटत नाही,” म्हणत परीक्षकांनी पहिलं बक्षीस दिलं. ढाल मिरवत गल्लीत शिरल्या त्या अर्थातच गौरम्मा.