खालचा कोपरा

"लेकराच्या हातावर मारलं तू. सात वर्षांच्या लेकराच्या!"

"मारलं नाही. पुस्तक घेतलं हातातून."

"घेतलं? पान फाटून तुह्या हातात राह्यलं अन् पुस्तक छातीशी धरून ते लेकरू रडत घरी पयालं. याले घेतलं म्हनतात?" प्रेमानंदनं ताट पुढे सरकवलं. भाकरीचा एकच तुकडा मोडलेला होता. "उत्तमरावनं मले चौकात थांबवलं. चार मानसांत. म्हने, गुरुजी, बाईंची तब्येत बरी नसंल तं उद्या पुस्तकं निवडायले दुसऱ्या कोनाले पाठवू."

तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. करपल्याचा वास आला तेव्हा धम्मशीलानं ती चिमट्यानं उचलून बाजूला टाकली.

"दुसऱ्या कोनाले म्हनजे?"

"मले काय माहीत? वाचनालय त्याहीचं, अध्यक्ष ते, अन् नात बी त्याहीचीच. बोलून राह्यले ते बी सभ्यपनानं, हे नशीब समज." तो थांबला. मग ज्यासाठी भांडण सुरू झालं होतं तिथे आला. "अन् ती खाट. दहा वर्षं झाली, त्या खाटेवर मानूस बसत नाही, पुस्तकं बसतात. मी विहारात उभं राहून लोकाईले सांगतो, भूत नाही, आत्मा नाही, गेलेलं मानूस परत येत नाही. अन् माह्याच घरात हे?"

"मी कुठं म्हनलं भूत आहे?"

"मग पुस्तकं कोनासाठी ठेवते तू?"

"ठेवते."

"ठेवते! मागच्या वर्षी ग्रंथोत्सवात गाळेवाल्यानं विचारलं, ताई, मुलगी कितवीत? तू म्हनली, अकरावीत. मी शेजारी उभा होतो, शीला."

उंबऱ्याशी सुपात तूर निवडत बसलेल्या सासूबाईंनी, कलाबाईंनी, मान वर न करता म्हटलं, "जेवू दे बे तिले. तू बी जेव. भांडन कुठं पयून नाही जात."

प्रेमानंद जेवला नाही. हात धुऊन, शर्ट घालून शाळेत निघून गेला. जाताना नेहमीसारखं त्यानं आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. त्या खोलीत ती खाट होती.

धम्मशीला लग्न होऊन या गावात आली त्याच्या दुसऱ्याच वर्षी वाचनालयात लागली. ग्रामपंचायतीमागच्या दोन खोल्या, पुढच्या खोलीत वर्तमानपत्रांचं टेबल आणि त्याभोवती कधीच न उठणारी म्हातारी मंडळी, मागच्या खोलीत कपाटं. पुस्तकं निवडायला समिती होती, पण ती सह्यांपुरती. दर हिवाळ्यात बुलढाण्याला ग्रंथोत्सव भरायचा आणि समितीतले सगळे म्हणायचे, बाई, पोराईचं तुम्हीच पाहा, आम्हाले काय समजते त्यातलं. मोठ्यांच्या कादंबऱ्या नि चरित्रं उत्तमराव घेत. लहानांची आणि कुमारांची पुस्तकं ती एकटी घेई.

तिची घेण्याची तऱ्हा निराळी होती. ती आधी मुखपृष्ठ बघायची नाही, मागचा मजकूरही वाचायची नाही. पुस्तक मधेच उघडायची आणि एक पान ओठ हलवत वाचायची. ओठ कंटाळले की पुस्तक परत ठेवायची. गाळेवाले तिला ओळखत. घाई करत नसत.

ओठ हलवत वाचायची सवय तिच्या लेकीची, महामायाची. सात वर्षांची होती ती, दुसरीत. आईबरोबर वाचनालयात यायची, दोन कपाटांच्या मधल्या फटीत बसून वाचायची आणि उठताना पानाचा कोपरा मोडायची. लोक वरचा मोडतात, ही खालचा मोडायची. "वरचा मोडला तं तुले दिसते न," असं उत्तर होतं तिचं. एका पावसाळ्यात ताप आला. दोन दिवस गावात काढले, तिसऱ्या दिवशी बुलढाण्याला नेलं. नेताना खाटेवर, उशाशी, शेळीच्या करडाच्या गोष्टीचं पुस्तक होतं. तिचा देह परत आणला तेव्हाही ते तिथेच होतं, खालचा कोपरा मोडलेलं. धम्मशीलानं ते वाचनालयात नेलं आणि कपाटाच्या अगदी तळाला, मागच्या रांगेत ठेवलं. त्या पानाच्या पुढचं तिनं कधी वाचलं नाही.

त्या वर्षी ग्रंथोत्सवात तिनं आठ वर्षांच्या मुलीला आवडतील अशी पुस्तकं घेतली. पुढच्या वर्षी नऊ वर्षांच्या. असं करायचं तिनं ठरवलं नव्हतं. हात तिकडेच जायचा. मग चोर शोधणाऱ्या मुलांच्या गोष्टी आल्या, मग ताऱ्यांची, मग अंगात होणारे बदल समजावून सांगणारी, मग आईशी न बोलणाऱ्या मुलींची. दोन वर्षं कविता आल्या. गावातल्या मोठ्या मुलींना बरं झालं होतं. त्या म्हणत, मॅडमला बरोबर समजतं आपल्याला काय पाहिजे. आणि कोणीच पाहिलं नाही की त्या कपाटात दरवर्षी वरचा एक खण भरत गेला आणि खालचे खण होते तसेच राहिले. पहिली-दुसरीच्या पोरांसाठी दहा वर्षांत एकही नवं पुस्तक आलं नव्हतं. ती सगळी महामायानं वाचलेली होती. वाचलेलं परत कशाला आणायचं?

नवीन पुस्तकं ती आधी घरी आणायची. शिक्का मारायच्या आधी दोन-तीन दिवस ती खाटेवर राहायची, धुतलेल्या चादरीवर. पहिल्याच वर्षी, परत न्यायला उचललं तर एका पुस्तकाचा खालचा कोपरा मोडलेला. धम्मशीलाच्या अंगावर काटा आला. तिनं कोणाला सांगितलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा मोडलेला.

तिसऱ्या वर्षी ती दुपारी वाचनालयातून लवकर आली आणि खिडकीतून तिला कलाबाई दिसल्या. खाटेच्या अगदी काठावर टेकलेल्या, जशा परक्याच्या घरी टेकतात. अक्षरओळख नसलेली बाई. पानं उलटत चित्रं शोधत होती, चित्र नव्हतं. मग बोट ओलं करून तिनं खालचा कोपरा मोडला, वरून अंगठा दाबला, आणि पुस्तकावरून एकदा हात फिरवला. धम्मशीला अंगणातूनच मागे फिरली. दुकानात जाऊन, नको असलेली साखर घेऊन आली.

त्याबद्दल ती सासूशी कधी बोलली नाही. बोललं तर दोघींपैकी एकीला थांबावं लागलं असतं.

भीती गेली असं तिला वाटलं होतं. पण चार वर्षांमागे कलाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी महिनाभर संग्रामपूरला होत्या. पुस्तकं खाटेवर होती. धम्मशीलानं उचलली, चाळली. कोपरा मोडलेला होता. खालचा. कलाबाईंची घडी कुठेही असायची, वाक्य अर्ध्यावर तोडून. ही घडी प्रकरण संपलं तिथे होती. वाचणाऱ्यानं घातलेली.

ती तशीच खाटेजवळ उभी राहिली. बाहेर मोटारसायकल लागल्याचा आवाज आला, दार वाजलं, प्रेमानंद हातपाय धुऊन आत आला आणि तिच्या हातातलं पुस्तक बघून म्हणाला, "आता ने हे. किती दिवस ठेवते?" बोलताना तो तिच्याकडे बघत नव्हता. घरात तिसरं माणूस नव्हतंच. विहारात भूत नाही म्हणून सांगणारा माणूस शाळेतून आल्यावर चहा व्हायच्या आधी त्या खोलीत जाऊन काय करतो, हे तिनं त्या दिवसानंतर कधी पाहिलं नाही. चहाला उशीर मात्र करायला लागली.

तर अशी ती मुलगी त्या घरात वाढत होती. तिघं मिळून वाढवत होते, एकमेकांना न सांगता. आता ती सतरा वर्षांची झाली होती. उद्या घ्यायची ती तिची शेवटची पुस्तकं. त्यानंतर कुमारांचा खण संपत होता आणि मोठ्यांची पुस्तकं उत्तमराव घेत. पुढच्या वर्षी हात कुठे जाणार, हे तिला कळत नव्हतं. आणि अशात काल छकुली आली.

छकुली म्हणजे उत्तमरावांची नात. आजोबा वर्तमानपत्र वाचत तोवर मागच्या खोलीत हुंदडायची. काल तिनं वाकून खालचा खण उपसला आणि मागच्या रांगेतून करडाचं पुस्तक काढलं. धम्मशीला बघते तो पोरगी फटीत बसलेली, ओठ हलवतेय, आणि मोडलेला कोपरा सरळ करून वरून नखानं घासतेय. शाळेत तसं शिकवतात, पुस्तक नीट ठेवा म्हणून. पुढचं धम्मशीलाला नीट आठवत नव्हतं. एवढंच की पान तिच्या हातात होतं आणि पोरगी दारात.

ते पान आता डाळीच्या डब्याखाली सपाट ठेवलं होतं. घडीची रेघ गेली नव्हती.

दुपारी कलाबाईंनी हाक मारली. "शीला, विमलबाई आली. पोरगी हाय संगं."

विमलबाई अंगणातच उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरून ओढून घेत. नातीला पुढे ढकललं. "दे मॅडमले. रातभर उशाशी घेऊन झोपली. सकायपासून मांगं लागली, चाल म्हने, मॅडमकडं चाल. यायचा आवाज चढला मोप, पन मी म्हनलं, बाई काही उगाच नाही करनार." 'यायचा' म्हणजे उत्तमरावांचा.

छकुलीनं दुरूनच पुस्तक पुढे केलं. धम्मशीलानं उघडलं. फाटलेल्या पानाच्या पुढच्या पानाचा कोपरा मोडलेला होता. वरचा. चांगला जाडजूड, दोनदा मोडलेला.

"आजीनं सांगितलं, ती तुमच्या ताईची निशानी होती," छकुली म्हणाली. "म्हनून मी परत करून देली."

धम्मशीला त्या वरच्या कोपऱ्याकडे बघत राहिली. ही घडी ना सासूची, ना नवऱ्याची, ना महामायाची. सरळ सरळ दुसऱ्याच कोणाची होती.

"मॅडम, ताईनं पुढचं वाचलंच नाही काय?"

"छकुले!" विमलबाई दटावल्या.

"नाही वाचलं," धम्मशीला म्हणाली.

"मग तिले समजलंच नाही! तुम्हाले मालूम हाय?"

"नाही."

"तुम्हाले बी नाही?" पोरीला हे फार मोठं वाटलं. कालचं विसरून ती जवळ आली. "सांगू? ते करडू बाजारात हरपते न, अन् गाडीखाली बसते अंधार पडल्यावर. तिथपर्यंत तं मालूम हाय न?"

"हो. गाडीखाली बसते."

"मग ते तिथं रडत नाही काही! सरळ उठते अन् वास घेत घेत घरी जाते. जाऊन झोपते बी. अन् त्याची आई बाजारातच! याले विचारते, त्याले विचारते, माहं करडू पाह्यलं का. सकाय होते तरी फिरूनच राह्यली. करडू घरी, अन् आई बाजारात." छकुली तोंडावर हात ठेवून हसली. "येडी हाय न आई?"

"मग?"

"मग काही नाही. करडूच बोलवायले जाते तिले. चाल वं माय म्हने, घरी चाल. झालं."

कलाबाईंचा सूप हलवणारा हात थांबला होता. विमलबाई उगाच अंगणातल्या तुळशीसारख्या दिसणाऱ्या सब्जाकडे बघत होत्या.

"अजून हाय का असं?" छकुलीनं विचारलं. "माह्यासाठी? नवे तं सगळे मोठे मोठे हायत. चित्रं बी नाहीत त्याच्यात."

"नाही," धम्मशीला म्हणाली. "तुह्यासाठी काहीच आनलं नाही मी."

त्या गेल्यावर ती आतल्या खोलीत गेली. खाटेवर यंदाची जागा करून ठेवलेली होती, चादर ओढलेली, एक सुरकुती नाही. ती पहिल्यांदाच त्या खाटेवर बसली. खाट करकरली. ती एवढुशी होती. सतरा वर्षांच्या मुलीचे पाय बाहेर आले असते.

संध्याकाळी प्रेमानंद आला तेव्हा चहा तयार होता. उशीर केलेला नव्हता. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खाटेवरची चादर दोरीवर वाळत होती आणि करडाचं पुस्तक पाटावर होतं, फाटलेलं पान खळीनं चिकटवलेलं. त्यानं दाराकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. कलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"उत्तमरावकडं जाऊन आली मी," धम्मशीला म्हणाली. तिनं तिघांचे कप ठेवले, स्वतःचा उचलला. "झालं ते कबूल केलं. पोरीची माफी मागतली. उद्या सकायच्या गाडीनं मी बुलढान्याले जाऊन राह्यली, छकुलीले घेऊन. पोराईची पुस्तकं यंदा ती निवडील, तिच्या वयाची. महामायासाठी एक बी घ्यायचं नाही."

प्रेमानंदच्या कपावर साय धरायला लागली.

"ती खाट वाचनालयात जाईल. लहाने पोरं बसतील तिच्यावर," ती म्हणाली. "अन् यापुढं या घरात कोनी कोपरे मोडायचे नाहीत. दोघांनी बी."