माळवदावरचं मडकं

त्या दिवशी गल्लीत मच्छरांची पावडर फवारणारे आले आन आमच्या कुंडलिक मामाची धांदल उडाली. घरात मडक्यांची रांग व्हती, दर मडक्यात एक कोळी. भितीवर जाळं विणतोय तसला न्हवं. तळहाताएवढा, केसाळ, बिळात ऱ्हाणारा. ती पावडर लागली असती तर एक बी वाचला नसता. मंग मामा एकेक मडकं माळवदावर न्यायला लागला. वर सावलीला ठिवायचं, ओलं गोणपाट टाकायचं, की उतरला दुसरं न्यायला.

शेवटचं मडकं लई जपून. त्यात मादी व्हती आन तिच्या पोटाखाली अंड्यांची पांढरी पिशवी. खाली बजामामी शिडी धरून उभी.

"आवं, तुपाचा डबा हाय का त्यो? व्हा की वर."

"गप ग. धक्का बसला की आपलीच अंडी खाती ती."

"आन भाकरीची टोपली उनात पडलीया, ती न्हाय दिसत तुमास्नी."

मामा खाली आला, उंबऱ्यावर टेकला आन छाती धरली. मामीनं पाणी दिलं, ते बी घशाखाली उतरंना. म्हणला, "ते मडकं उतरवू नगंस. पिल्लं निघंस्तोवर तितंच ऱ्हाऊ दे. गोणपाट ओलं ठिव." टांगा आणायला माणूस पळाला. टांगा दारात यायच्या आत मामा गेला. शहात्तर सालचा जेठ महिना.

मामा गिरणीत मागावर व्हता, मूळ जेऊरचा. पैला कोळी त्यानं गावाकडं बांध खणताना धरला आन डब्यात घालून आगगाडीनं सोलापूरला आणला. गावाकडनं लाडू आलं म्हणून मामीनंच डबा उघडला. तवापास्नं ती त्या मडक्यांकडं पाठ करून निजायची.

मामाला ध्यास एकच, घरात पिल्लं निघावी. नर धरून आणायचा, मादीच्या मडक्यात सोडायचा आन मामीचं उलथनं घिऊन बसायचा. कारण काम झालं की मादी नरावरच धावायची, मधी उलथनं घालाय लागायचं. दोन नर तर उलथनं पोचायच्या आत गेलं. एक साल पिशवी झाली, पर शेजारच्या बकरीनं मडक्याला धडक दिली आन मादीनं समदी अंडी फस्त केली. औंदा कुटं जमत आलं व्हतं.

मामाचा थोरला भाऊ रावजी जेऊरवरनं आलेला. राख सावडून झाल्यावर म्हणला, "बजा, ती किडी माळावर सोडून येतो. सुतकाचं घर, बायाबापड्या येत्यात."

मामीनं पदर सावरला. "बाकीची न्या भावजी. वरची ती एक न्हाय. तिची अंडी हायेत."

"आगं, कोळ्याची कसली अंडी आन कसलं काय!"

शेजारची जगदेवी भाकरी-पिठलं घिऊन आलेली. ती दारातनंच म्हणली, "भरल्या दिवसाची गाय दारातनं हाकलता का वो तुमी?"

बाकीची मडकी रावजीनं टांग्यात घातली आन नेली.

मंग मामी रोज सकाळी तांब्या घिऊन माळवदावर चढायची. घरातल्या बाया म्हणायच्या, जाऊ द्या, एकलीला रडू द्या. कुणी मागं गेलं न्हाय. मामी गोणपाटावर पाणी शिंपडायची, मडक्याला बोट न लावता बसायची आन उतरायची.

दहाव्याचं समदं उरकून माणसं घरी आली. मामी वर गेली आन गोणपाटाची कड उचलली. पिशवी फाटलेली. मामीला वाटलं, खाल्ली म्हणायची हिनं बी. मंग मादीच्या पायाजवळ माती हलल्यागत दिसली. वाकून बघितलं तर पांढुरकी, तिळाएवढी पिल्लं, सगळीकडं.

"जगदेवे! वर ये की."

जगदेवी धापा टाकत आली, आत डोकावली. "अय्यो! सुतक फिटायच्या आत बाळंतपणाचं सुवेर आलं की गं घरात."

"हळू बोल. चुलीमागं झुरळं असत्यात. एक धरून आण, आई उपाशी हाय."

"म्या? म्या धरू झुरळ?"

"मंग कोण? म्या हितनं हलत न्हाय."

जगदेवी बडबडत शिडी उतरली.