दादाचा हात

माझा भाऊ हलकट आहे. सख्खा असला तरी खरं ते खरं.

वहिनी लॉन्ड्रीत इस्त्री करायची. वजन एकशे बेचाळीस किलो. दिवसभर उभी राहायची, पण एकदा खाली पडली की गुडघे साथ देत नसत. आधाराशिवाय उठणं अशक्य. दादाला हे पक्कं ठाऊक. म्हणून तो आधी तिला पाडायचा, मग लाथा घालायचा आणि समोर खुर्ची टाकून बसायचा. "माफी माग, मग हात देतो." ती मागायची. एकदा नाही मागितली, तर दिवसभर फरशीवर ठेवली. संध्याकाळी मी गेले तेव्हा तिचे कपडे ओले होते आणि हा टीव्ही बघत होता. बाहेर मात्र "बायको जाड आहे, तोल जातो" असं सांगत फिरायचा. चोराच्या उलट्या बोंबा!

मीच तिला डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. त्यांनी वजन उतरवायला आठवड्याला एक इंजेक्शन दिलं, स्वतःच पोटात टोचायचं. "लठ्ठपणा हा आजार आहे, आळस नाही," बाई म्हणाल्या. वहिनी ढसाढसा रडली. सुरुवातीला मळमळीने तिला जीव नकोसा झाला, पण भूक हळूहळू आटोक्यात आली.

दादाला ते इंजेक्शन फ्रिजमध्ये सापडलं. त्याने ते टाचेखाली चिरडलं आणि तिचं डोकं फ्रिजच्या दारावर आपटलं. "बारीक होऊन कोणाला दाखवायचंय?" कपाळाला टाके पडले. तेव्हापासून औषध माझ्या घरी. दर रविवारी वहिनी यायची, टोचून घ्यायची, चहा पिऊन जायची. "वन्सं, आज जिना न थांबता चढले," एकदा म्हणाली. मला केवढा आनंद झाला!

वर्षभरात तीसेक किलो उतरले. मग एका रविवारी ती आलीच नाही. मी धावत गेले. वहिनी फरशीवर, ओठ फाटलेला, शेजारी तुटलेला दात. दादा खुर्चीत.

"माग माफी."

मी पुढे झाले, तर वहिनीनेच मान हलवून नको म्हटलं. कुशीवर वळली, हात टेकले. एक गुडघा. दादा हसला. दुसरा गुडघा. आणि बाई उभी राहिली!

दादाचा चेहरा पडला. तो उठायच्या आत तिने खुर्चीला सणसणीत लाथ घातली. तो उताणा कोसळला, कंबर धरून ओरडला. "अगं, हात दे!"

वहिनीने पदराने तोंडावरचं रक्त पुसलं आणि त्याला ओलांडून ती दारात आली.

"चला वन्सं. इंजेक्शन राहिलंय."